लेन्स गप्प राहिली

फिल्मचे रोल शोधूनही मिळेनासे झाले होते, त्या काळातली गोष्ट. फोटोग्राफर त्र्यंबकरावांनी हौसेने आपल्या जुन्या कॅमेऱ्यावर नवी कोरी लेन्स चढवली.

"आजोबा, तुम्ही फक्त अंधार सांभाळा. बघायचं काम माझं," लेन्स म्हणाली.

"बरं पोरी. पण उजेड कमीजास्त करायची कडी तुझ्या अंगावर दिसत नाही?"

"हाताने फिरवायची कामं आमच्यात कोणी करत नाही. विजेचा हुकूम आला की डोळा हवा तेवढा उघडतो."

कॅमेऱ्यात वीज नव्हती. एरवी सारं लख्ख दिसे, पण खटका दाबताच लेन्सचा डोळा टाचणीच्या टोकाएवढा आकसे. तिला ते कळलं, पण एवढ्या बढाईनंतर सांगायचं कसं? त्र्यंबकरावांच्या बहिणीच्या साठीशांतीचे सगळे फोटो काढून होईपर्यंत ती गप्प राहिली.

फोटो धुऊन आले ते काळेकुट्ट.

"म्हातारा कामातून गेला," म्हणत त्र्यंबकरावांनी कॅमेरा भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवला. लेन्स मात्र काढून मऊ फडक्याने पुसली.

"माझंच काहीतरी चुकलं," कॅमेरा म्हणाला. "माझ्यापायी तुला बोल नाही ना लागला, पोरी?"

लेन्सला त्याच्याकडे बघवेना. त्र्यंबकरावांनी तिच्यावर झाकण बसवलं, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं.