कुरूप पक्षी घडवणारी यावदोखा

बसा, आणि हातात काही असेल तर आधी खाऊन घ्या. ही गोष्ट उपाशीपोटी ऐकायची नाही, असा आमच्या गावाचा नियम आहे.

फार वर्षं झाली. तुमच्या पणजोबांचे दुधाचे दात पडत होते, तेव्हा आपल्या या तिखी व्हेर्बी गावात यावदोखा नावाची कुंभारीण राहायची. सगळ्या युक्रेनात तिच्यासारख्या मातीच्या शिट्ट्या कुणी केल्या नाहीत, असं म्हणतात. शिट्टी म्हणजे मुठीएवढा पक्षी. शेपटीतून फुंकलं की गायचा. तिचा पक्षी ओट्यावर वाळत ठेवला, तर खऱ्या चिमण्या त्याच्या शेजारी येऊन बसायच्या. पोरं तिला मावशी म्हणायची. बाई तोंडाची मात्र फटकळ. "घरात वाजवलास तर कान उपटीन," असं म्हणतच ती पोरांच्या हातात पक्षी द्यायची.

मग ते वर्ष आलं. पाऊस वेळेवर झाला होता, गहूही पिकला होता. दुष्काळ आणला तो माणसांनी. वरून सरकारचा हुकूम सुटला आणि लोखंडी सळ्या घेतलेले लोक घरोघर शिरले. भिंतीत, चुलीत, पाळण्यातसुद्धा सळ्या खुपसून त्यांनी धान्य काढून नेलं. शेतात पडलेली ओंबी उचलली तरी तुरुंग. गाव सोडून जायची वाटही बंद. भरल्या शिवाराचं गाव उपाशी मरू लागलं. हे सांगताना मला अजून संताप येतो, आणि यायलाच हवा.

यावदोखाच्या अंगणात फुटक्या खापरांचा ढीग होता. कुंभाराच्या अंगणात तो असतोच, म्हणून तिथे कुणी सळी खुपसली नाही. त्या ढिगाखाली तिनं गव्हाची एक घागर पुरली होती.

शाळेची वाट तिच्या दारावरून जायची. शाळेत जाणारी पोरं दिवसेंदिवस हळू चालू लागली होती. त्यांच्या हातात गहू द्यावा, तर वाटेत खिसे तपासले जायचे. पण खेळणं कोण तपासणार? तिनं मातीच्या दोन वाट्या केल्या, आत मूठभर गहू ठेवला, वाट्या जोडून पक्षी केला आणि न भाजताच सावलीत वाळवला. या पक्ष्याला शिट्टीचं भोक नव्हतं. "घरी जाऊन फोडा," ती कानात सांगायची. पोरं घरी जाऊन फोडायची, गहू शिजवून खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत दिसायची. घागर रोज रिकामी व्हायची आणि रोज भरायची, असं म्हणतात. मला विचाराल, तर तिनं स्वतः त्यातला दाणा खाल्ला नाही, म्हणून ती घागर सगळ्यांना पुरली.

त्या शाळेत परास्का नावाची सहा वर्षांची मुलगी होती. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली आई. परास्का आठवडाभर दिसली नाही, तेव्हा यावदोखा तिच्या घरी गेली. खिडकीत पक्षी उभा होता. अख्खा. त्याच्या गळ्यात परास्कानं आपली लाल रिबीन बांधली होती. खाली मायलेकी शेजारी शेजारी निजल्या होत्या. त्या पुन्हा उठणार नव्हत्या.

इतका सुंदर पक्षी त्या पोरीच्यानं फोडवला नाही.

यावदोखा तिथेच जमिनीवर बसली. "फोड गं, मी दुसरा देईन, एवढं म्हणायचं राहून गेलं माझं," ती म्हणाली आणि खूप रडली.

त्या दिवसापासून तिनं सुंदर पक्षी केला नाही. चोच वाकडी, एक डोळा वर, एक खाली, पोट बेढब. हातात घेतला की कधी एकदा फोडतो असं व्हावं, इतका कुरूप. आणि प्रत्येक मुलाला ती सांगायची, "फोड, मी दुसरा देईन."

एकदा सळीवाल्यांच्या मुकादमानं एका मुलीच्या हातातून पक्षी घेतला. "तू तर नावाजलेली कारागीर," तो यावदोखाला म्हणाला, "मग हे असलं काय करतेस?"

"पोटात काही नाही साहेब, हात थरथरतात."

"वाजतो तरी का, बघू." त्यानं पक्षी ओठाला लावला. भोक नसलेला, गव्हानं भरलेला पक्षी. यावदोखानं डोळे मिटले. आणि पक्षी गायला! बुलबुलासारखा गायला, असं म्हणतात. मुकादमानं तो मुलीला परत केला आणि मान खाली घालून निघून गेला.

नवं पीक हाती यायच्या आधीच यावदोखा गेली. तिच्या बोटांना ओली माती होती. पुढे कित्येक वर्षं तिचं नाव मोठ्यानं घ्यायची चोरी होती, पण आयांनी मुलांना ते कानात सांगितलं.

आता नोव्हेंबरात, त्या भुकेत गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, शाळेतली मुलं गहू भरून कुरूप पक्षी करतात. गेलेल्या एकेका मुलाचं नाव घेऊन एकेक फोडतात आणि तो गहू मधात शिजवून सगळे मिळून खातात. परास्काचा पक्षी शेवटी. तो मात्र मोठी मुलं जीव ओतून सुंदर करतात आणि पहिलीतल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातात देतात. ते पोर दरवर्षी तो छातीशी धरतं आणि नाही म्हणतं. कुणी रागावत नाही, कुणी घाई करत नाही. सगळी शाळा त्याच्याभोवती खाली बसते आणि त्याला समजावते, "फोड रे बाळा, फोड. मावशी दुसरा देईल."