इंदो साब्बेनं उचललेलं गाव

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रावर शिडाशिवाय काही हलत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. आपल्या मुलखातली नव्हे बरं का! पार पूर्वेला, इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरची. तिथं बुगी लोक राहतात, आणि त्यांचं एका नदीच्या मुखाशी तानाकेस्सी नावाचं गाव होतं. पुढे समुद्र, मागे टेकडी, मधे भाताची खाचरं. घरं लाकडाची, उंच खांबांवर उभी. खाली कोंबड्या, वर माणसं. आणि एकही खांब जमिनीत पुरलेला नाही! प्रत्येक खांब चपट्या दगडी तळखड्यावर नुसता टेकवलेला.

का? अहो, रीतच तशी. नदीनं काठ खाल्ला, भावाभावांत वाटण्या झाल्या, जमीन विकली, तरी घर मोडायचं नाही. खांबांना आडवे-उभे बांबू बांधायचे, सगळ्या गावानं खाली शिरून खांदा लावायचा आणि अख्खं घर उचलून दुसरीकडे न्यायचं. हसू नका, अजूनही नेतात. घराच्या मधोमध एक खांब असतो, त्याला घराची नाभी म्हणतात. तो एकदा उभा केला की उपटायचा नाही. उपटला की घर मेलं, उरलं ते सरपण.

घर उचलताना एकानं पुढे चालत हाक घालायची, "कुणाचं घर?" आणि खालच्या सगळ्यांनी म्हणायचं, "आपलं घर!" की एक पाऊल पुढे. नियम एकच: हाकेला ज्यानं ओ दिली, त्यानं खांदा लावायचाच. ओ देऊन जो हात झटकून उभा राहील, त्याच्या मयतीलाही कुणी जायचं नाही.

तानाकेस्सीत ही हाक ला तोंगेंग नावाचा खलाशी घालायचा. एका वर्षी तो समुद्रावर गेला तो गेलाच. मागे राहिली त्याची बायको साब्बे. मूलबाळ नाही. दिवसभर मागावर रेशीम विणायची. सगळं गाव तिला इंदो म्हणे, इंदो म्हणजे आई. आवाज असा खणखणीत, की ती कोंबड्यांना हाक मारायची तेव्हा शेजारच्या गावच्या कोंबड्याही धावत यायच्या, असं म्हणतात. तिच्या घराचा नाभीखांब ला तोंगेंगनं टेकडीवरून एकट्यानं खांद्यावर आणला होता. नवऱ्याची कबरसुद्धा नव्हती तिला. संध्याकाळी त्या खांबाला पाठ टेकून बसायची, तेवढाच काय तो त्याचा आधार.

आता असं झालं, की मोठी गलबतं त्या नदीच्या मुखाशी थांबू लागली. गोडं पाणी, खोल किनारा, वाऱ्याला आडोसा. ज्या चिखलाला काल कुणी विचारत नव्हतं, त्याला सोन्याचं मोल आलं! ला पाद्दा नावाचा एक बडा नाखोदा होता, चार गलबतांचा मालक. त्याला वास लागला. तो मुलखाच्या राजाकडे, म्हणजे आरुंगकडे नजराणे घेऊन गेला आणि सगळा नदीकाठ आपल्या नावे करून आला. वेळही कशी साधली बघा! वारा फिरला की गावातले झाडून सारे धट्टेकट्टे पुरुष गलबतांवर निघून जात. ते गेले आणि हा आला.

म्हणाला, "काठ माझा, काठावरची घरं माझी. यांत मी माल भरणार. तुम्हीही राहा, मी काय वाईट माणूस आहे? पिकातला हिस्सा तेवढा देत जा."

साब्बेच्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःच्या घरात कूळ म्हणून राहायचं? आणि ला तोंगेंगच्या खांबाला याची पोती टेकायची? ती चार म्हाताऱ्यांना घेऊन थेट आरुंगच्या दारात गेली.

"पुआंग," म्हणजे महाराज, ती म्हणाली, "माती तुमची होती, तुम्ही दिलीत. पण घर कधी मातीचं असतं का? ते तर तळखड्यावर टेकलेलं असतं."

आरुंग विचारात पडला. दिलेली देणगी परत घेता येईना आणि बाईचं बोलणं खोडता येईना. शेवटी म्हणाला, "माती नाखोद्याची, घरं तुमची. उचलून न्या. पण अमावास्येचा सूर्य मावळल्यावर जे त्या मातीवर उभं असेल, ते मातीच्या मालकाचं."

नाखोदा गालात हसला. उचलणार कोण? गावात उरल्या होत्या बायका, म्हाताऱ्या आणि दातांचं बोळकं झालेले आजोबा.

साब्बे परतली आणि गावाच्या मधोमध उभी राहिली. "बायांनो, बांबू तोडा! घरं टेकडीवर न्यायचीत."

"इंदो, वेड लागलंय का तुला? घर उचलणं बायकांचं काम आहे होय?"

"पुरुष घर उचलतात तेव्हा त्या घरात भात कोण शिजवतं गं? आपणच ना? मग घराला आपले खांदे काही परके नाहीत!"

बांबू तोडले, काथ्यानं खांबांना बांधले. पण पहिल्याच घराशी घोडं अडलं. जी ती म्हणे माझं आधी. सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात आल्या. तेव्हा साब्बे म्हणाली, "माझं घर सगळ्यात शेवटी. आता बोला." भांडण तिथंच मिटलं. कारण शेवटचं घर राहून जाण्याचीच भीती जास्त, हे काय कुणाला कळत नव्हतं?

पहिल्या दिवशी घर उचललं आणि धप्पकन बसलं. उंच बायका पुढे उभ्या राहिल्या होत्या, आणि वाट चढाची! साब्बेनं त्यांना मागे, उताराच्या बाजूला घातलं आणि बुटक्या पुढे घेतल्या. मग स्वतः पुढे झाली, नेसूचं वर खोचलं आणि हाक घातली, "कुणाचं घर?"

"आपलं घर!"

आणि घर हललं! खाचरांच्या बांधावरून, नारळींच्या मधून, डुलत डुलत टेकडी चढू लागलं. त्या दिवसापासून रोज घरं चालू लागली. बायकांचे खांदे सोलवटले, पाय चिखलात रुतले. आजोबा केळीच्या पानात पिकल्या केळ्यांचं गोड बारोंको उकडून त्यांना भरवत होते. साब्बेच्या हाकेनं लाकूड कापसासारखं हलकं व्हायचं, असं म्हणतात. चढावर बांबूच्या रिकाम्या टोकांनाही कुणीतरी खांदा लावलाय असं बायांना जाणवायचं. समुद्रात बुडालेले पुरुष यायचे म्हणे. खरंखोटं मी काय सांगू, पण मला तरी ते खरंच वाटतं.

अमावास्या उजाडली. दुपार कलेपर्यंत काठावर एकच घर उरलं, साब्बेचं. आणि बायका आडव्या झाल्या. एकीला उठवावं तर दुसरी बसे. नाखोदा आपले सगळे हमाल घेऊन काठावर येऊन बसला होता, सूर्य बुडाला की पोती वर चढवायची म्हणून.

"राहू दे इंदो," तो म्हणाला, "एक घर राहिलं तर काय बिघडलं? तुला मी कोपरा देईन."

साब्बेला रडू कोसळलं. हो, ती रडली! सगळ्यांच्या घरांना शिखर दाखवलं आणि आपलंच राहणार, तेही ला तोंगेंगनं बांधलेलं. ती घरात चढली, नाभीखांबाला घट्ट मिठी मारली. मग डोळे पुसले, सज्जात आली आणि पोटातून हाक घातली, "कुणाचं घर?"

त्या हाकेनं नारळ गळाले, खाडीतले मासे उसळले, असं म्हणतात. बायका धडपडत उठल्या. "आपलं घर!"

पण खांदे पुरेनात. घर वीतभर उठलं आणि थांबलं. सूर्य समुद्राला टेकला.

"कुणाचं घर?"

आणि काठावरून गडगडाट झाला, "आपलं घर!" ते नाखोद्याचे हमाल होते. बुगीच की ते! लहानपणापासून ज्या हाकेला ओ दिली, तिला तोंड कसं गप्प बसणार? आणि ओ दिली म्हणजे खांदा लावायलाच हवा. पोती टाकून सगळे घराखाली घुसले.

नाखोदा ओरडला, "अरे, माझं खाता ना रे!" कुणी ऐकेना. तेवढ्यात तिसरी हाक आली. त्यानं हात तोंडावर दाबून धरला. पण तोही कुठल्याशा गावात असल्याच घरात जन्मला होता. बोटांच्या फटीतून शब्द निसटले, "आपलं घर." झालं! सगळ्या गावानं ऐकलं. बिचारा जरीचा अंगरखा सावरत बांबूखाली शिरला.

घर असं निघालं, की सूर्यालाही बघत राहावंसं वाटलं. अर्धा बुडालेला तो तसाच थांबला, आणि शेवटचा खांब टेकडीवरच्या तळखड्यावर बसला तेव्हाच खाली गेला, असं म्हणतात. टेकडीवर एकच जल्लोष झाला. नाखोद्यालाही बारोंको मिळालं. घामानं निथळत त्यानं चार खाल्ली आणि जाताना एवढंच म्हणाला, "इंदो, जड होतं गं तुझं घर."

पुढच्याच पुरात नदीनं वाट बदलली आणि काठ गाळानं भरला. गलबतं दुसरीकडे थांबू लागली. वारा फिरून गावातले पुरुष परतले तेव्हा मोकळा काठ पाहून त्यांनी ऊर बडवला. मग कुणाची तरी मान वर झाली. टेकडीवर सगळ्या चुलींचा धूर!

आता त्या टेकडीपर्यंत डांबरी रस्ता गेलाय. लवंगेच्या बागा झाल्यात, सिमेंटची घरं झालीत. शहरातून गाड्या येतात, काळे चष्मे लावलेली माणसं उतरतात आणि जमिनीचा भाव विचारतात. गाव त्यांना नाही म्हणत नाही. पण साब्बेचं घर अजून आहे, तळखड्यांवर टेकलेलं. सुगी संपली की दरवर्षी ते उचलतात आणि गावाला फेरी घालून पुन्हा जागेवर ठेवतात. ज्याला जमीन घ्यायची असेल त्यानं त्या दिवशी यायचं, बूट काढायचे आणि घराखाली शिरायचं. पुढे एक बाई उभी असते. बाईच हवी, पुरुषाची हाक चालत नाही. ती विचारते, "कुणाचं घर?" नवा माणूस काय म्हणतो ते सगळं गाव कान देऊन ऐकतं, आणि मगच भाव सांगतं.