वच्छलाबाईंची तहान

"...आणि एका बाईपायी हजारो लोकांचं औषध अडवून धरायचं, हा कुठला धम्म, भंते?"

डॉ. सुगत रामटेके विचारत होता. उन्हाळ्यातली दुपार, पवनीजवळच्या टेकडीवरचा विहार. समोर चटईवर म्हातारे भदंत धम्मसार बसले होते. लहानपणी सुगत त्यांच्याच हाताखाली पाली शिकला. आता तो नागपुरात एका मोठ्या औषधचाचणीचा प्रमुख होता, आणि ते त्याच्या बसण्यातसुद्धा दिसत होतं.

येताना त्याने थर्मास भरून लिंबूसरबत आणलं होतं. फोनवर बोलता बोलताच त्याने पेला भरला, भंतेंसमोर चटईवर ठेवला आणि फोन संपताच आपलं घोडं दामटायला घेतलं.

"औषध कशाचं?" भंतेंनी विचारलं.

"सोरायसिसचं. अंगभर पसरला की मलम पुरत नाही, गोळीच लागते. ड जीवनसत्त्व ओळखणारी एक जागा असते पेशीत, रिसेप्टर म्हणतात. तिला हाक मारायची. कातडी निवळते."

"ती जागा कातडीतच असते?"

"नाही ना. आतड्यात, हाडात, मूत्रपिंडात, सगळीकडे. तीच तर गोम आहे. हाक कातडीला मारायची आणि ओ सगळ्यांनी द्यायची. मग रक्तात कॅल्शियम वाढतं. जगभर कितीतरी जण इथेच थकले, भंते. आमचा रेणू मात्र कातडीलाच हाक मारतो."

"त्या बाईच्या अंगात?"

सुगतने फोन पालथा ठेवला.

"वच्छलाबाई मेश्राम. वरोऱ्याच्या. त्यांचं कॅल्शियम वाढलं. मूत्रपिंडं दुखावली. आता घरी आहेत, पण... पहिल्यासारख्या नाहीत. त्यांनी बाहेरची कॅल्शियमची टॉनिकं घेतली असतील, असं आमचं म्हणणं आहे."

"घेतली होती?"

"...असतील."

भंतेंनी आवंढा गिळला. बाहेर पळसाचं पानही हलत नव्हतं.

"उद्या चाचणी तपासणाऱ्या समितीपुढे मी हेच सांगितलं की मंजुरी मिळते," सुगत म्हणाला. "पुढच्या टप्प्यात शेकडो लोकांना गोळी देता येईल. तुम्ही फक्त आशीर्वाद द्या."

"आजारी पडण्याआधी बाई काही बोलली होती?"

"तहान लागते म्हणाल्या. 'साहेब, मले लय तहान लागून राहिली.' भंते, गेल्या वर्षीचा मे महिना होता. आपल्याकडे मे महिन्यात कोणाला तहान लागत नाही? मी म्हटलं, माठातलं पाणी पीत जा, उन्हात हिंडू नका."

"मग?"

"पुन्हा म्हणाल्या. कॅल्शियम वाढलं तरी अशीच तहान लागते, पण मी उन्हाचा त्रास समजून सोडून दिलं."

"रक्त पाहिलं नाहीस?"

"तपासणीची तारीख ठरलेली असते, भंते. ती यायची होती..."

भंतेंना ठसका लागला. आवाज पार बसला होता.

"सरबत घ्या ना," सुगत म्हणाला. "बर्फसुद्धा वितळला."

भंते हलले नाहीत. ओठांवर पापुद्रे आले होते. पेला जिथे ठेवला होता तिथेच होता.

...

तेव्हा कुठे सुगतच्या डोक्यात प्रकाश पडला. भिक्खू हातात न दिलेलं घेत नाहीत, सरबतसुद्धा नाही. हा नियम तो पोरवयात याच चटईवर शिकला होता. दोन्ही हातांनी पेला पुढे करून "घ्या, भंते" म्हणायला रोज धावायचा.

"इतका वेळ..." तो पुटपुटला. "भंते, सांगायचं तरी."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. वच्छलाबाईंनी तर सांगितलं होतं. एकदा सोडून दोनदा. रक्त तपासायला एक सुई टोचायची, किती वेळ लागला असता?

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पेला उचलून दोन्ही हातांनी पुढे केला. घाईत थोडं सरबत भंतेंच्या चीवरावर सांडलं. भंते सावकाश प्यायले. सुगतला वर पाहवेना.

"उद्या समितीला खरं सांगतो," तो घाईघाईने म्हणाला. "टॉनिकाचं काढून टाकतो. तहानेचंसुद्धा सांगतो. मंजुरी गेली तर जाऊ दे."

"समितीला सांगशील."

"हो."

"आणि वरोऱ्याला गेलास कधी?"

"...नाही."

भंतेंनी रिकामा पेला बाजूला ठेवला.

"काय म्हणून जाऊ, भंते?" सुगत म्हणाला. "डॉक्टर म्हणून त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते मला. काय सांगू जाऊन?"

भंते भिंतीला हात टेकून उठले.

"आत्ताच नीघ. वाटेत पाणी पिऊ नकोस. तिच्या दारात गेल्यावर माग."