इंजिन मोठं, ब्रेक जुने

कोल्हापूरच्या उद्यमनगरात रेश्मा लोहारचं गॅरेज होतं, पण शेड इंगवले सरकारांची. एक दिवस सरकारांनी आपली जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली आणि हुकूम सोडला, "हिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन बसव."

"बसवते. पण ब्रेकही बदलावे लागतील. हे त्या छोट्या इंजिनापुरतेच आहेत."

"आहेत तेच पुरेत. ब्रेक बदलायचे ते भित्र्यांनी. जमत नसेल तर शेड रिकामी कर."

रेश्माने कामाला हात घातला. आपणच उगाच घाबरतोय का, असंही तिला वाटलं. बाळ झाल्यापासून तिला घरच्या जिन्याचीसुद्धा भीती वाटायची. तरी इंजिन बसवताना तिने ब्रेक दहादा तपासले, आणि दहाही वेळा मन नाही म्हणालं.

गाडी न्यायच्या दिवशी सरकार चार मित्र आणि नारळ घेऊन आले. काम झालेल्या गाडीपुढे मालकाने नारळ फोडायचा, ही त्या गल्लीची रीतच.

"इथे नको, सरकार," रेश्मा गाडीत बसत म्हणाली. "तिकडे भिंतीला पाठ लावून उभे राहा. मी कोपऱ्यावरून गाडी जोरात आणते, तुमच्यापुढे थांबवते. मग फोडा."

"थांबेल ना?"

"ते तुम्हीच सांगा. ब्रेक पुरेत, असं तुम्हीच म्हणालात."

मित्र खाली बघून हसू लागले. सरकारांनी भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्या नारळाकडे.

"नव्या ब्रेकना किती दिवस लागतील?"

"चार."

"तोवर हा नारळ टिकेल?"

"टिकेल की. आता तुम्हीही टिकाल, सरकार."