भिवाची नाव

एकदा एका पेठेच्या गावी एक वृद्ध कथेकरी राहत असे. त्याची कथा इतरांच्या कथेसारखी नव्हती. दर अष्टमीला तिसऱ्या प्रहरी तो देवळाच्या ओवरीत पट अंथरी, त्यावर खडूने नदी, डोंगर, वाट काढी आणि जमलेल्यांना एकेक सोंग वाटून देई. कुणी सरदार होई, कुणी वैद्य, कुणी नावाड्याची बहीण. "पुढे घाट आहे. आता काय करता?" असे तो विचारी, आणि ज्याचे त्याने ठरवायचे. जिथे निकाल माणसाच्या हाती नसे तिथे कवड्या टाकीत. गोष्ट कुठे जाणार हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसे. खरी गोडी त्यातच होती.

वृद्धाचा आवाज बसू लागल्यापासून डाव त्याचा शिष्य मांडीत असे आणि वृद्ध खांबाला टेकून ऐकत असे. शिष्याची जीभ तल्लख, कल्पना सदा हजर. वेळ मारून नेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कवड्यांचा बटवा आता कायमचा त्याच्याकडेच येणार, असे गाव म्हणे, आणि शिष्य ते न ऐकल्यासारखे करून नीट ऐकून घेई.

एका अष्टमीला कथेतली मंडळी नदीकाठी अडकली. मागे राजाचे स्वार, पुढे दुथडी पाणी, आणि कवड्याही पालथ्या पडलेल्या. सगळ्यांची तोंडे उतरली. शिष्याने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "ती पाहा, भिवाची नाव! तोंडावरून घोंगडी घेऊन भिवा उभा आहे. बोलायला सवड नाही, खुणेनंच बसा म्हणतोय." उजव्या मुठीत कवड्या होत्या, म्हणून त्याने डाव्या हातानेच वल्हे मारून दाखवले. मंडळी पार झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शिष्याची छाती फुगली.

पट गुंडाळताना गावची कोष्टीण पुढे आली. कथेत ती भिवा नावाड्याची बहीण होती. ती हळूच म्हणाली, "बुवा, स्वार मागं होते म्हणून गप्प बसले. पण भिवा तर पुरात बुडाला होता ना?"

शिष्याला आता आठवले. बुडाला होता खरा. मागे एका डावात त्यानेच बुडवला होता. पण कबूल करील तो शिष्य कसला! "वाहून गेला होता, मावशी. मेला असं कुठं म्हणालो मी?"

"आता बोला!" पेठेतला व्यापारी म्हणाला. "प्रेत तुम्हीच बाहेर काढलंत. अग्नी मी दिला. चितेवर तूपही मीच घातलं. कथेतलं का असेना, तूप माझंच."

सगळे हसले. कोष्टीण हसली नाही. तिचा सख्खा धाकटा भाऊ परगावी वारला तेव्हा तिला वेळेवर पोचता आले नव्हते, हे गावाला माहीत होते. म्हणून त्या दिवशी ती भिवासाठी हमसून रडली तेव्हा कुणी तिला उगी राहा म्हटले नव्हते. "मग मी रडले ते कुणासाठी?" तिने विचारले.

"पुढच्या अष्टमीला सगळा उलगडा होईल," सारे ठरवूनच केले असा चेहरा करून शिष्य म्हणाला.

"झाला तर बरंच," ती म्हणाली. "नाहीतर मी काही पुन्हा यायची नाही."

चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटे नाही. दोघे कुठे कुजबुजले की शिष्याला वाटे, भिवाचेच चालले आहे. तो सारवासारव शोधू लागला. भिवाला जुळा भाऊ होता म्हणावे, तर सख्ख्या बहिणीला तो ठाऊक नसेल? एका योग्याने त्याला मंत्राने उठवला म्हणावे, तर व्यापारी विचारणार, "मग कथेतल्या लढाईत पडलेला माझा पोरगा का नाही उठवत?" सारे स्वप्न होते म्हणावे, तर मंडळी पुन्हा अलीकडच्या काठी आणि स्वार मानगुटीवर! एक भोक बुजवावे तर शेजारी दुसरे पडे. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्याने आमटीत दोनदा मीठ घातले. जेवण त्याला गोड लागेना, झोप येईना, आणि अष्टमी तर जवळ येत चाललेली.

शेवटी त्याने गुरूपुढे साऱ्या चिंध्या मांडल्या. वृद्धाने शांतपणे ऐकले आणि हात पुढे केला. "बटवा दे. उद्याचा डाव मी मांडतो."

शिष्याने बटवा दिला. संपले, त्याला वाटले. त्याला फार वाईट वाटले आणि थोडा रागही आला.

अष्टमीला ओवरी गच्च भरली. कोष्टीण आली होती, पण दाराशी, चप्पल जवळ घेऊन बसली होती. वृद्धाने खडूने नदी काढली आणि बसलेल्या आवाजात तो म्हणाला, "भिवा बुडाला, हे खरं. त्याला अग्नी दिला, राख याच पाण्यात सोडली, हेही खरं. आणि त्याच्याच नावेतून तुम्ही पार झालात, तेही खरं." एवढे बोलून त्याने कवड्या बटव्यात भरल्या, हात मांडीवर ठेवले आणि तो गप्प बसला.

शिष्याला धरणी दुभंगावी असे वाटले. जी फट झाकण्यासाठी त्याने पंधरवडाभर जीव टांगणीला लावला, ती गुरूने चारचौघांत हातभर फाडून ठेवली होती.

मग लोहार पुटपुटला, "त्या नावाड्याचं तोंड आपण पाहिलं कुठं? घोंगडी होती."

"आणि बोलला नाही एक अक्षर," व्यापारी म्हणाला. "भिवा म्हणजे केवढा बडबड्या! गप्प बसला असता होय?"

कोष्टीण हळूहळू उठून पटाशी आली. "वल्हं डाव्या हातात होतं," ती म्हणाली. "मी मागं स्वारांकडं बघत होते, पण हात पाहिला. भिवाची बायको डावखुरी. लग्नाच्या पंगतीत डाव्या हातानं वाढलं म्हणून सासूनं तिच्या हातावर पळी मारली होती. बुवांनीच सांगितलं होतं, आपण हसलो होतो." ती पटावरच्या नदीपाशी टेकली. "ती ठकू होती. विधवेच्या नावेत गाव बसेना, म्हणून नवऱ्याची घोंगडी घेऊन उभी होती. मी भावासाठी एवढी रडले, आणि त्यानंतर तिच्या दारी एकदाही गेले नाही."

ओवरीत कुणी हसले नाही.

मंडळी पाणी प्यायला उठली तेव्हा शिष्याने विचारले, "गुरुजी, हे तुम्हाला आधीच सुचलं होतं?"

"छे! मला कुठलं सुचतंय?"

"मग माझी चूक सर्वांसमोर उघडी का केलीत?"

वृद्ध म्हणाला, "अरे, तुझा जुळा, तुझा योगी, तुझं स्वप्न, यांतलं कुणी त्या नदीकाठी कधी होतं का? जे होतं ते या लोकांनी जपलं होतं. तू बोलून विसरलास. त्यांनी ऐकून ठेवलं. तू अब्रू वाचवायला ठिगळ शोधत होतास. त्या बाईला ठिगळ नको होतं. आपलं रडणं खोटं ठरू नये, एवढंच तिला हवं होतं. ज्याला गोष्टीतली फट बोचते, त्याच्या मनात ती गोष्ट सर्वांत खोल गेलेली असते. त्याच्यापासून फट लपवायची नसते, बाबा. त्यालाच विचारायचं असतं." आणि त्याने बटवा शिष्याच्या हातात ठेवला.

शिष्य पटाशी बसला. कोष्टिणीकडे पाहून म्हणाला, "मावशी, मी विसरलो होतो. ठरवून काही केलं नव्हतं."

"ते तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली. "आता आधी ठकूकडं जायचं. स्वारबिर राहू देत."

शिष्याने नदीकाठी खडूने एक खोपट काढले, त्याला दार काढले. दाराआड काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि पंधरवड्यात पहिल्यांदाच त्याला त्याची धास्ती वाटली नाही.

"दार बंद आहे," तो म्हणाला. "काय करता?"

कोष्टिणीने पदर सावरला आणि पटावर बोटाने दोनदा टकटक केले. "ठकू," ती म्हणाली, "उशीर झाला गं मला." मग शिष्यही इतरांसारखाच दार उघडायची वाट पाहू लागला.