इवली चढली वरची पायरी

भिंतीवर चिकटवलेला होता एक हिरवा तारा, अंधारात चमकणारा. ताऱ्यात होता एक अणू. इतका लहान, इतका लहान, की डोळे बारीक केले तरी दिसायचा नाही.

अणूत राहायची इवली. इवली होती इलेक्ट्रॉन. थोडी इथे, थोडी तिथे. भिर भिर, भिर भिर!

अणूत होत्या पायऱ्या. इवली असायची वरच्या पायरीवर. एकदा काय झालं, तिचा प्रकाशाचा घास निसटला. भुर्र! उडून गेला. आणि इवली आली खालच्या पायरीवर. टुप्!

“पायरी, पायरी, मला वर घे.”

वरची पायरी म्हणाली, “प्रकाशाचा घास आण. अख्खा आण. अर्ध्यावर उभं राहायला जागाच नाही.”

इवलीला रडू आलं. भिर भिर, भिर भिर!

“ऊन, ऊन, मला घास दे. पायरी घेईना, इवली वर जाईना!”

खिडकीबाहेरचं ऊन म्हणालं, “पडदा सरकू दे. मग देईन.”

भिर भिर, भिर भिर!

“पडदा, पडदा, बाजूला सरक. ऊन देईना, पायरी घेईना, इवली वर जाईना!”

पडदा म्हणाला, “मनवाला ओढू दे. मग सरकेन.”

मनवा होती तीन वर्षांची.

“मनवा, मनवा, पडदा ओढ. पडदा सरकेना, ऊन देईना, पायरी घेईना, इवली वर जाईना!”

मनवानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“कोण गं तू? दिसत का नाहीस?”

“मी इवली. मी फार फार लहान.”

“माझा हात पुरत नाही. बाबांना उचलू दे. मग ओढीन.”

भिर भिर, भिर भिर!

“बाबा, बाबा, मनवाला उचला. मनवा ओढेना, पडदा सरकेना, ऊन देईना, पायरी घेईना, इवली वर जाईना!”

बाबांच्या हातात दहीभाताची वाटी. बाबा म्हणाले, “मनवाला घास खाऊ दे. मग उचलीन.”

“मनवा, मनवा, घास खा. बाबा उचलेनात, मनवा ओढेना, पडदा सरकेना, ऊन देईना, पायरी घेईना, इवली वर जाईना!”

मनवाचं तोंड घट्ट मिटलेलं. ती विचार करत बसली. इवली किती लहान! आणि खाली एकटीच.

“अर्धा खाल्ला तर?”

“मला तर अर्धा चालत नाही गं.”

मनवानं मोठ्ठा आ केला. अख्खा घास. गट्टम!

मग बाबांनी मनवाला उचललं. हुप्प! मनवानं पडदा ओढला. सर्र! पडदा सरकला. ऊन आत आलं. झळझळ!

एक घास आला लाल. तो लहान पडला. एक घास आला निळा. बरोब्बर! इवलीनं तो घेतला.

टुण्!

मधे कुठे थांबली नाही. खाली होती, ती एकदम वर.

मनवानं विचारलं, “इवली, पोचलीस का गं?”

“पोचले!”