ठोक्यांच्या आळीतली शांतता

तांब्याच्या भांड्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेल्या एका गावात श्रीरंग नावाचा एक माणूस राहत होता. त्याचं काम आवाज टिपण्याचं. कुणाचं कीर्तन, कुणाचं भाषण, कुणाच्या घरच्या मंगलाष्टका, सगळं तो ध्वनिमुद्रित करून देई. कान तिखट, हात कसबी, पण स्वभाव असा की नाकावर माशी बसू देणार नाही. आणि नशिबाची थट्टा पाहा, त्याची खोली होती ऐन तांबट आळीत! दिवसभर ठण् ठण् ठण्.

त्यावरून शेजारच्या नागनाथ तांबटाशी त्याचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मग श्रीरंगाने शहरातून एक यंत्र आणलं. ध्वनिमुद्रणातला नको तो गोंगाट ते पुसून काढत असे. "आता शेजाऱ्यावाचून अडतंय कुणाचं?" असं म्हणून तो काम सुरू करताना खिडकी धाडकन लावून घेई.

एके सकाळी त्याच्याकडे कुमुदिनीबाई आल्या. गावच्या शाळेत त्यांनी गोष्टी सांगून सांगून दोन पिढ्या शहाण्या केल्या होत्या. श्रीरंगही त्यांचाच विद्यार्थी. बाईंच्या गळ्याला आता मोठं दुखणं झालं होतं. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आणि घरी सुनेला दिवस गेले होते.

"श्रीरंगा, येणाऱ्या बाळाला माझ्या तोंडून एक तरी गोष्ट ऐकायला मिळू दे रे," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी मी दवाखान्यात जाणार."

त्यांनी एका हट्टी मुंगीची गोष्ट सांगितली. बाहेर ठोके पडतच होते.

"हे ठोके मध्ये येतील ना रे?"

"काळजी सोडा बाई. यंत्र सगळं पुसतं."

यंत्राने ठोके पुसले खरे. पण ठोके आणि बाईंचा आवाज दुधात पाणी मिसळावं तसे मिसळले होते. ठोक्यांबरोबर आवाजाचाही लचका गेला. श्रीरंगाने थोडं कमी पुसून पाहिलं, तर ठोके परत आले. जास्त पुसलं, तर बाईच नाहीशा झाल्या. उरलं ते कुणीतरी विहिरीच्या तळाशी बसून बोलावं तसं.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "हे कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "आणखी एकदाच सांगू शकेन मी. त्याहून जास्त गळा साथ देणार नाही."

श्रीरंग उठला. तो नागनाथाच्या उंबऱ्यापाशी गेला आणि तिथंच घुटमळला. माणूस डोंगर चढतो, पण शेजाऱ्याची पायरी त्याला चढवत नाही! बाईंचा चेहरा आठवला तेव्हा कुठे पाऊल पुढे पडलं. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"नागनाथदादा, चुकलं माझं," तो म्हणाला, आणि बाईंची सगळी हकिगत त्याने सांगितली. "थोडा वेळ हातोडी थांबवाल का?"

नागनाथाने हातातली हातोडी तिथंच खाली ठेवली.

"एवढंच होय? अरे, तुझी खिडकी आपटली की आम्हाला वाटायचं, हा आमच्यावर रागावला. आत कुणी बोलतंय हे आम्हाला कोण सांगणार?" मग तो म्हणाला, "आपल्या आळीची रीत विसरलास? बाळंतिणीच्या दाराला कडुलिंबाची डहाळी दिसली, की बाळ झोपेपर्यंत कुणी ठोका मारत नाही. तूही डहाळी लाव. बाईंच्या हातचा मार मीही खाल्लाय."

श्रीरंगाने दाराला डहाळी बांधली. ती पाहून एका घरातली हातोडी थांबली, मग शेजारच्या, मग पलीकडच्या. सगळी आळी गप्प झाली. नागनाथ येऊन पायरीवर बसला. बाईंनी गोष्ट पुन्हा सांगितली, आणि त्यांचा शब्द न् शब्द लख्ख उमटला.

"संपली गोष्ट," बाई शेवटी हसून म्हणाल्या. "नागनाथा, घे आता हातोडी हातात."

नागनाथ उठून गेला, आणि मुद्रण अजून चालू होतं तोच शेजारून पहिला ठोका पडला. ठण्! तो पुसायला श्रीरंगाचा हात सवयीने यंत्राकडे गेला, पण त्याने तो मागे घेतला.

बाई दुखण्यातून उठल्या. आवाज गेला तो गेलाच. आता त्यांची नात मांडीवर बसून ती गोष्ट रोज ऐकते. ऐकता ऐकता आजीच्या मिटल्या ओठांवर बोट ठेवते. शेवटचा ठण् वाजला की दोघी टाळ्या पिटतात, कारण त्याशिवाय गोष्ट संपली असं नातीला वाटतच नाही.

तात्पर्य: जो अडथळा शेजाऱ्याशी दोन गोड शब्द बोलून दूर होतो, तो यंत्राच्या जोरावर पुसू नये; त्याच्याबरोबर मोलाचंही पुसलं जातं.